‘ही लेन्स ओपनवरच वापरायची असते’: सेकंडहँड ८५ एमएमच्या व्यवहारात काय लपवलं गेलं

जाहिरातीत पाच फोटो होते, चार पोर्ट्रेट आणि एक लेन्सचा. पोर्ट्रेटमध्ये मागच्या दिव्यांचे मऊ गोळे आणि पापण्यांचा केस न् केस शार्प. कॅननची ईएफ ८५ एमएम एफ/१.८, ‘मिंट कंडिशन, बिल आहे’, किंमत १६ हजार. संध्याकाळी सातला दादर स्टेशनबाहेर भेट ठरली. विकणारा स्वतःची क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, घेऊन आला, घेणाऱ्याचेच दोन फोटो काढले, मागच्या स्क्रीनवर डोळा झूम करून दाखवला. एफ/४ ला, म्हणजे लेन्सचं भोक थोडं मिटवून, एक काढू का, असं घेणाऱ्याने विचारल्यावर उत्तर आलं, ‘अहो, ही लेन्स ओपनवरच वापरायची असते, त्यासाठीच तर लोक घेतात.’ ओपन म्हणजे भोक पूर्ण उघडं, इथे एफ/१.८. पैसे यूपीआयने गेले. दुसऱ्या दिवशी लेन्स मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल-फ्रेम, कॅनन ६डीवर चढवून एफ/४ केलं आणि पहिल्याच क्लिकला स्क्रीनवर एरर ०१.

आता हे नेमकं काय झालं ते बघा, कारण यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. ईएफ लेन्सच्या डायफ्रामची, म्हणजे भोक लहान-मोठं करणाऱ्या पडद्याची, पाती विजेवर चालतात. फोटो निघेपर्यंत ती पूर्ण उघडी असतात, शटर दाबलं की ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटतात आणि पुन्हा उघडतात. एफ/१.८ वर पात्यांना हलावंच लागत नाही. त्यामुळे डायफ्रामची मोटर गेलेली असो किंवा तिची पातळ पट्टीसारखी तार (फ्लेक्स केबल) तुटलेली असो, ओपनवर ऑटोफोकस चालतो, फोटो निघतो, बोके, म्हणजे मागचा धूसरपणा, सुरेख येतो. स्टॉप डाउन केलं, म्हणजे भोक मिटवलं, की एरर येतो आणि कॅमेरा बंद-चालू करावा लागतो. वर एरर ०१ चा संदेशच सांगतो की लेन्सचे कॉन्टॅक्ट साफ करा. विकणाऱ्याला आयतं निमित्त! फोन केल्यावर तो हेच म्हणाला, ‘खोडरबरने पुसा, होईल नीट.’ त्यानंतर फोन उचलला नाही.

हे तपासायला अर्धा मिनिट पुरतो. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, एफ/८, शटर चार सेकंद. क्लिक करा आणि समोरून काचेत बघा. या लेन्सला आठ पाती आहेत, त्यांचं छोटं अष्टकोनी भोक चार सेकंद स्थिर दिसलं पाहिजे. मग एफ/२.८ आणि एफ/१६ ला तेच. एखादं पातं मागे राहत असेल किंवा पात्यांवर तेलाची चमक दिसत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

दुसरा दोष फुल-फ्रेमवरच कळला. लेन्स जे गोल चित्र पाडते, त्याचा मधला भागच क्रॉप सेन्सर वापरतो, कडा बाहेर राहतात. ६डीवर चौकटीची उजवी बाजू एफ/१.८ ला लोण्यासारखी, डावी व्यवस्थित. म्हणजे लेन्स कधीतरी पडली होती आणि आतली एखादी काच केंद्रापासून सरकली होती. पोर्ट्रेटमध्ये हे दिसणार कुठून? डोळा मध्यभागी, बाजूला सगळं आधीच धूसर. दोन मीटरवरून ८५ एमएम एफ/१.८ ला फुल-फ्रेमवर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा फोकसमध्ये असतो. त्याबाहेरचं मऊ दिसतं ते बोके म्हणून की बिघाड म्हणून, हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. पार्श्वभूमी धूसर करणाऱ्या लेन्सच्या जाहिरातीत दोष लपवणं म्हणूनच सोपं जातं.

पडल्याची खूण समोरच होती, पण झाकलेली. लेन्सच्या तोंडाशी असलेल्या ५८ एमएमच्या आट्यांवर (थ्रेडवर) एक यूव्ही फिल्टर बसवला होता, ‘प्रोटेक्शनसाठी फ्री’. तो निघेना, कारण खालची रिंग वाकलेली होती. फिल्टर हाताने निघत नसेल तर लेन्स घेऊ नका. फिल्टर काढल्याशिवाय टॉर्च मारून काही उपयोग नाही, काचेवरची चमक सगळं लपवते.

गंमत अशी की हे दोष पकडायला धूसरपणाच सगळ्यात कामाचा. फोकसबाहेरच्या दिव्याचा जो गोळा दिसतो, ते मुळात लेन्सच्या आतल्या भोकाचं चित्र असतं. काचेवर जे काही असेल त्याची सावली त्या गोळ्यात पडते. मोबाइलच्या टॉर्चवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा, टाचणीने एक भोक पाडा आणि मोबाइल पाच मीटरवर ठेवा. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून सगळ्यात जवळच्या अंतरावर, म्हणजे ८५ सेंटिमीटरवर आणा. आता ओपनवर फोटो काढला की फुल-फ्रेमच्या उंचीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा गोळा दिसेल. त्यात झाडाच्या मुळांसारख्या फुटलेल्या रेषा म्हणजे बुरशी. एका दिशेने ओढलेले बारीक ओरखडे म्हणजे कुणीतरी बुरशी पुसताना कोटिंगही पुसलंय. ढगाळ डाग म्हणजे आत धुकं धरलंय. एकदोन काळे ठिपके म्हणजे धूळ, त्यावर भाव पाडू नका, ती जुन्या लेन्सला असतेच. मग हाच गोळा चौकटीच्या चार कोपऱ्यांत न्या. मध्यभागी तो गोल हवा, कोपऱ्यांत लिंबासारखा निमुळता, पण चारही बाजूंना सारखाच. एकीकडे लिंबू आणि दुसरीकडे अर्धा चंद्र असेल, तर काच सरकली आहे.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात दोन पावसाळे काढलेल्या लेन्सची ही चाचणी चुकवूच नका. बुरशी साफ करून मिळते, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही. समोरून उजेड आला की फोटो दुधाळ होतो.

बिलही होतं, फोटोच्या रूपात. त्यावरचा सीरियल नंबर आणि माउंटजवळ, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे, छापलेला नंबर जुळत नव्हते. बिल होतं कुठल्यातरी वेगळ्याच नगाचं. भेटायच्या आधीच नंबराचा क्लोजअप मागवला असता तर दादरला जायची वेळच आली नसती.

हेलिओस ४४-२ च्या मागे लागलेल्यांसाठी थोडं वेगळं. ५८ एमएम एफ/२, एम४२ थ्रेडची, म्हणजे कॅमेऱ्यावर आट्यांनी बसणारी, ही सोव्हिएत लेन्स भोवऱ्यासारख्या पार्श्वभूमीसाठी विकली जाते आणि ‘नायकॉनला बसते’ असं सर्रास सांगतात. बसते, पण नायकॉन एफ माउंटचं सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर आणि एम४२ चं ४५.४६. त्या एका मिलिमीटरपायी साध्या अडॅप्टरवर दूरचा फोकसच लागत नाही. काच असलेला अडॅप्टर घेतला तर दूरचं लागतं, पण स्वस्त काच चित्र बिघडवते. कॅनन ईएफ किंवा मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर हा प्रश्न येत नाही. शिवाय तो भोवरा कडांना जास्त असतो, क्रॉपवर बराचसा कापला जातो. जाहिरातीतला फोटो कुठल्या बॉडीवरचा ते विचारा.

नायकॉनच्या ५० एमएम एफ/१.८ डी चंही तसंच. या लेन्सला स्वतःची मोटर नाही. डी५३०० किंवा डी३५०० सारख्या बॉडीतही नाही. ‘ऑटोफोकस लेन्स’ हे शब्द खोटे नसतात, पण तुमच्या कॅमेऱ्यावर फोकस हातानेच करावा लागतो.

जाहिरातीतला बोके सॉफ्टवेअरचाही असू शकतो. चष्म्याची काडी आणि गाल यांच्यातली फट बघा, सुटलेले केस बघा, पायाखालची जमीन बघा. खऱ्या लेन्सवर जमीन हळूहळू धूसर होत जाते, सॉफ्टवेअरमध्ये ती बऱ्याचदा एका रेषेवर तुटते.

पैशांचं थोडक्यात. ‘टोकन पाठवा, कुरिअर करतो’ म्हणणाऱ्याला, मग तो लष्करात बदली झाल्याचं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवत असला तरी, एक रुपयाही देऊ नका. लेन्स विकताना कुणी ‘क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ म्हणालं, तर यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं ध्यानात असू द्या. फसलात तर लगेच १९३० वर फोन आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी. चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. चॅटमध्ये ‘सगळं चालू आहे’ असं लिहून दिलेलं असेल तर फसवणुकीची तक्रार उभी राहायला तोच आधार.

भेट दिवसा ठेवा, स्वतःची बॉडी आणि लॅपटॉप घेऊन जा. त्याआधी विकणाऱ्याला हा मेसेज पाठवा: ‘फिल्टर काढून, एफ/८ ला चार सेकंदांचं एक्सपोजर चालू असताना समोरून काढलेला व्हिडिओ आणि सीरियल नंबरचा फोटो पाठवाल का? लेन्स पडली होती का, उघडली होती का, तेही लिहा.’ वरच्या व्यवहारातल्या विकणाऱ्याची जाहिरात आठवड्याभरात वेगळ्या नावाने पुन्हा लागली. फोटो तेच पाच होते. त्याला हा मेसेज गेला, तेव्हा निळ्या टिका आल्या आणि थोड्या वेळाने नंबर ब्लॉक झाला.