सोनामुखीचे 27,849 रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात अजून कुणाला खरा आकडा माहीत नाही. सत्तावीस हजार आठशे एकोणपन्नास, वजन उतरवायच्या नादात गेलेले. त्यात 999 नावनोंदणीचे, 14,500 'ब्रायडल पॅकेज'चे, 8,750 'बूस्टर'चे आणि 3,600... ते 3,600 कशाचे हे आठवलं की अजून कान तापतात, पुढे सांगते. दवाखान्याचे 6,340 यात धरलेलेच नाहीत.

क्लासमध्ये पोरांना गणित शिकवणाऱ्या मुलीला एवढं कळू नये? नाही कळलं. साखरपुड्यात ओटी भरता भरता चुलत सासूबाई म्हणाल्या, "पोरगी गोड आहे, जरा हाडापेरानं भरलेली आहे," आणि सगळ्या बायका हसल्या. तेव्हा माझ्या जागी तुम्ही नव्हता. वजन 74.2, जानेवारी उजाडलेला, आणि लग्न अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी.

इन्स्टावर ती 'डाएटिशियन मॅडम' सापडली. "माझं माहेर उदगीरचं, आपण एकाच भागातल्या की गं," म्हणाली आणि मी विरघळले. भाकरी सोडायची नाही, चालायला जायचं नाही, सकाळ-रात्र एक चमचा पावडर, 90 दिवसांत 15 किलो. पैसे पाठवताना पडद्यावर भलत्याच कुठल्या ट्रेडर्सचं नाव आलं. विचारलं तर म्हणे आमच्या सीएंचं खातं आहे. मी पिन टाकला. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, समोरची माहेरची असो की सासरची.

पण मला खरा जाळतो तो डबा आला तो दिवस. मी पितळी डब्याच्या झाकणात पावडर काढून बघत होते. हिरवट-पिवळी, बोटाला चिकटणारी. आजी शेंगा फोडत बसली होती. तिनं चिमूटभर तळहातावर घेतली, वास घेतला, जिभेला लावली आणि थुंकली. "ही तर सोनामुखी हाय माय. ढाळ लागंल की तुला." मी काय म्हणावं? "आजी, ही इंपोर्टेड आहे, तुला काय कळतंय त्यातलं." आजी परत शेंगा फोडायला लागली. एक शब्द बोलली नाही. चौथीपण न शिकलेल्या बाईनं अर्ध्या मिनिटात तपासणी करून दिली होती, फुकट. आणि मी डब्यावरच्या सोनेरी सफरचंदाकडे बघत होते. डब्यावर अन्न परवान्याचा क्रमांकही होता. तो 14 आकडी असतो, माझ्या डब्यावर 12 आकडे. हे मी मोजलं मार्चमध्ये.

नऊ दिवसांत 70.6! मी नाचले. काट्यावर उभी राहून फोटो काढला आणि मॅडमला पाठवला. तो नुसता पाण्याचा निचरा होता, दिवसातून सहा-सात वेळा परसाकडे धावणाऱ्या बाईचं वजन कमी होणारच. पाणी प्यायलं की किलो परत, म्हणून मी पाणीच कमी केलं, एवढी अक्कल गहाण. मग काटा अडला. "तुमची बॉडी हट्टी आहे, बूस्टर लागेल." 8,750. हे पैसे बाबांनी बस्त्यासाठी बाजूला काढलेल्या सोयाबीनच्या पैशातले. हमीभाव तेव्हा होता 4,892, मोंढ्यात पदरात पडले 4,100 क्विंटलला. म्हणजे दोन क्विंटलांहून जास्त सोयाबीन मी कॅप्सूलमध्ये गिळलं, आणि घरी सांगितलं पार्लरचं बुकिंग आहे.

त्या कॅप्सूलनं भूक मेली, झोपही मेली. रात्री छातीत धडधड. बस्त्याला लातूरला गेलो तेव्हा शालूचा पदर खांद्यावर टाकून बघताना मी दुकानातच कोसळले. सलाईन लागलं, पोटॅशियम खाली गेलेलं. डॉक्टर आधी चिडले, मग म्हणाले, आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून जास्त कुणी कबूल करत असेल तर उठून चालायला लागा. सिबुट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध 2011 मध्ये आपल्याकडे बंद झालंय, हृदयाला घातक म्हणून. तरी अशा कॅप्सूलमध्ये चोरून घालतात. माझ्या कॅप्सूलमध्ये काय होतं? कुणी तपासलंच नाही.

आता ते 3,600. मी पैसे परत मागितले तर ती लगेच तयार. "24,249 चा रिफंड पास झालाय, फक्त जीएसटी आधी भरा." भरला. 24,249 वर 3,600 म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि जीएसटीचा असा दरच नाही. ही शेकडेवारी मी सातवीच्या पोरांकडून रोज करून घेते. रिफंडसाठी पैसे मागितले की फोन ठेवा. त्यानंतर तिचा नंबर बंद.

पोलिस ठाण्यात गेले. टेबलामागचे साहेब डबा उलटसुलट करत म्हणाले, "ताई, वजन उतरलं का?" उतरलं होतं थोडं. "मग फसवणूक कुठली?" शेजारचे दोघं फिदीफिदी हसले. मी माझ्या वजनाबद्दल तीन अनोळखी पुरुषांसमोर उभी, बाबा बाहेर गाडीपाशी. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागा, बसून राहा, मी लाजेनं उठले. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी फोन केला एकोणिसाव्या दिवशी. तो पहिल्या तासाभरात करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत.

मग अन्न व औषध प्रशासनाचं जिल्ह्याचं कार्यालय. अन्नाच्या टेबलावरून औषधाच्या टेबलावर, कारण पावडर अन्न आणि कॅप्सूल औषध. औषधवाले म्हणाले सीलबंद नमुना आणा. अहो, सील फोडल्याशिवाय मी खाऊ कशी? लठ्ठपणावर औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, मी त्या कायद्याची प्रत छापून नेली होती. साहेबांनी ती चाळली आणि तिच्यावरच चहाचा कप ठेवला. तीन खेपा, दर खेपेला एसटीचं भाडं आणि क्लासची अर्ध्या दिवसाची रजा. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण माझी आधीची नोटीसच 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून परत आली. बिलावरचा पत्ता नकाशावर शोधा, पैसे द्यायच्या आधी.

लग्न झालं. 72 किलोची नवरी, ब्लाऊजची शिलाई एकदा उसवून परत घातली. चुलत सासूबाईंनी पंगतीत मला दोन पुरणपोळ्या आग्रहानं वाढल्या.

हे लिहायचं कारण गेल्या आठवड्यातलं. नणंदेनं मोबाइल पुढे केला, "वहिनी, हे घेऊ का मी?" नवं नाव, नवा डबा, तेच सोनेरी सफरचंद. खाली 'नऊ दिवसांत फरक' म्हणून फोटो. चेहरा पुसट केलाय, पण काट्यावर 70.6 आणि मागे आमच्या माजघरातला हिरवा पडदा, कोपऱ्यात आजीची शेंगांची पाटी. तो फोटो दिसला तर ओळखा, ती मी आहे.