जर्मनीची लाल रेलबस व्हीटी 98 कशी आहे?

व्हीटी 98 या बसच्या इंजिनांवर धावणाऱ्या हलक्या रेल्वेगाडीत बसायला मिळालं तर जागा विचार करून निवडा. समोरचा मार्ग बघायचा असेल तर अगदी पुढचा बाक धरा. चालकाला वेगळी बंद केबिन नाही, त्यामुळे त्याच्या खांद्यावरून समोरचे रूळ, वळणं, फाटकं सगळं दिसतं. बाकांच्या पाठी हाताने ढकलून उलट्या करता येतात, म्हणजे गाडी परतीला लागली तरी तोंड पुढेच. मात्र गचके सर्वात जास्त बसतात ते याच जागी. दोन एक्सलमधलं अंतर 6 मीटर आणि गाडी बफरांसकट 13.95 मीटर, म्हणजे दोन्ही टोकं चाकांच्या बरीच बाहेर लोंबतात. गचके टाळायचे असतील तर मध्ये बसा. तिथे धक्के कमी, पण पायाखाली दोन डिझेल इंजिनं घुमत असतात.

गाडीचा दोष इथूनच कळतो. आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे डब्याखालचा फिरता चार चाकी सांगाडा. बोगीचं एक एक्सल रुळांच्या सांध्यावरून जाताना उचललं गेलं तर डबा ज्यावर टेकतो त्या मधल्या खुंटीपर्यंत निम्मीच हालचाल पोचते. या गाडीला बोगी नाही. स्प्रिंगांनी जेवढा झेलला तेवढा, उरलेला धक्का थेट अंगावर. रूळ चांगले असतील तर 90 किमीचा वेग झेपतो, जुन्या सांध्यांच्या मार्गावर 60 लाच कंटाळा येतो.

तरीही ही रचना योग्यच होती, असं आमचं ठाम मत आहे. युद्धानंतर पश्चिम जर्मनीतल्या शाखामार्गांवर मूठभर प्रवाशांसाठी वाफेचं इंजिन पेटवावं लागे. कोळसा, पाणी, फायरमन आणि वाफ धरेपर्यंतचे तास, हा सगळा खर्च तिकिटांतून निघणं शक्य नव्हतं. क्रेफेल्ड शहरातल्या उर्डिंगन भागातल्या वॅगन कारखान्याने 1950 मध्ये बसचं इंजिन बसवलेले हलके नमुने दिले. इंजिन ब्यूसिंग कंपनीचं, आडवं झोपवलेलं, फरशीखाली. त्यामुळे आतली सगळी जागा प्रवाशांना मिळाली.

रस्त्यावरची यंत्रं रुळावर आणताना खरी अडचण उलट जाण्याची. जर्मनीतल्याच विस्मार इथे 1932 पासून बनलेल्या रेलबसमध्ये मोटारीचा गिअरबॉक्स होता, त्यात रिव्हर्स एकच. म्हणून दोन्ही टोकांना एकेक फोर्ड इंजिन बसवलं आणि जायचं त्या बाजूचंच चालवलं. दुसरं नुसतं ओझं. पुढे आलेल्या त्या नाकांमुळे लोक तिला डुकराचं तोंड म्हणत. उर्डिंगनच्या गाडीत दिशा बदलण्याची सोय एक्सलवरच्या गिअरपेटीत आहे, त्यामुळे झेडएफ कंपनीच्या गिअरबॉक्सचे सहाही गिअर दोन्ही दिशांना मिळतात. आम्हाला या गाडीतलं सर्वात मोलाचं काम हेच वाटतं.

पहिली मालिका व्हीटी 95. एकच इंजिन, 110 ते 150 अश्वशक्ती, आणि एकच एक्सल ओढणारं. गाडीचं वजनच सुमारे 14 टन, म्हणजे रुळावर पकड धरणाऱ्या एक्सलवर त्याच्या निम्म्याच्या आसपास भार. ओल्या पानांनी रूळ चिकट झाले, मागे ट्रेलर म्हणजे बिनइंजिनाचा डबा आणि पुढे चढ असला, की चाकं जागेवर फिरणार. नेहमीचे बफर आणि कपलिंग नसल्याने साधा वॅगन जोडता येत नाही. ट्रेलरच्या टोकाला चालकाची जागा नाही, म्हणून शेवटच्या स्टेशनवर गाडी सोडवून दुसऱ्या बाजूला आणून पुन्हा जोडावी लागते. एखाद्याला संग्रहासाठी घ्यायची असेल तर हौस म्हणून ठीक, रोजच्या कामाला आम्ही ती सुचवणार नाही.

व्हीटी 98 मध्ये या उणिवा एकेक करून भरून काढल्या आहेत. 150 अश्वशक्तीची दोन इंजिनं, प्रत्येकाकडे एक एक्सल. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर गाडी घरी पोचते. नेहमीचे बफर आणि स्क्रू कपलिंग, त्यामुळे मालाचा वॅगन ओढता येतो. दुसऱ्या टोकाला चालकाची जागा असलेला ट्रेलर मिळाला आणि सोडजोड संपली. एकाच चालकाला दोन इंजिनगाड्या मिळून चालवता येतात. रुळाला चिकटणारा चुंबकी ब्रेक ही हलक्या गाडीला फार मोठी गोष्ट, कारण तो चाकाच्या पकडीवर अवलंबून नाही. अशा 329 इंजिनगाड्या बनल्या. दक्षिण जर्मनीतल्या होनाउ ते लिश्टेनश्टाइन या, रुळांमध्ये दातेरी पट्टी असलेल्या चढासाठी व्हीटी 97 हा दातेरी चाकाचा प्रकारही निघाला.

दारांबाबत मात्र नाराजी आहे. ती हाताने उघडायची, म्हणजे गाडीत दुसरा माणूस हवाच. हवेवर चालणारी दारं 1988 पासून काही गाड्यांना बसवली आणि त्यांना 796 हा क्रमांक दिला. एवढ्या साध्या सुधारणेला तीस वर्षं लागायला नको होती.

आज बसायचं असेल तर ऱ्हाइनकाठच्या लिंत्सहून कालेनबॉर्नला जाणारी कासबाखची गाडी निवडा. तिथे दर हजार मीटरला 50 हून जास्त मीटर चढ आहे. जाताना खालचा गिअर धरून ओढणाऱ्या दोन्ही इंजिनांचा आवाज ऐका, उतरताना ब्रेककडे लक्ष द्या. जाण्याआधी वेळापत्रक बघा, ती हंगामी गाडी आहे.

गाडी विकत घेऊ पाहणाऱ्या संस्थांनी आधी इंजिन बघावं. ब्यूसिंग 1971 मध्ये मान (MAN) या कंपनीत विलीन झाली, त्यामुळे सुटे भाग शोधावे लागतात. फरशीखालच्या इंजिनावर धूळ, पानं आणि बर्फ थेट उडतात, म्हणून रेडिएटरच्या जाळ्या आणि तेलाची गळती तपासा. दोन्ही दिशांना सहाही गिअर स्वतः टाकून बघा आणि एक इंजिन बंद ठेवून चढावर चालवून पाहा. मगच किंमत बोला.