मॅन्युअल होतं, पण त्या इंजिनाचं नव्हतं

जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे अडकवायचं इंजिन, घेताना सोबत मॅन्युअल मिळालं की माणसाला धीर येतो. कागद आहेत म्हणजे माल सरळ असणार, असं वाटतं. आमची फसवणूक त्या मॅन्युअलच्या आडूनच झाली. देवबाग-तारकर्लीपासून गुहागर-हर्णैपर्यंत बरेच जण हंगामाआधी जुनी मशीनं बघत फिरतात, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

देवबागला आमची फायबरची होडी आहे. दीर होडी चालवतात, नवरा पर्यटकांचं बघतो, हिशेब आणि कागदपत्रं माझ्याकडे. डॉल्फिन दाखवायचे, कर्लीच्या संगमावर फिरवून आणायचं, यावर घर चालतं. आधीचं मशीन थकलं होतं आणि नवं घ्यायची ऐपत नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली: चाळीस हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, ऑइल इंजेक्शन, एका हातचं, सर्व्हिस रेकॉर्ड आणि मॅन्युअलसकट. पावणेदोन लाखांना सौदा ठरला.

फसवणूक कुठे होती ते कळायला ऑइलचं गणित माहीत हवं. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलसोबत आत जाणाऱ्या ऑइलमधूनच. साध्या मशीनला आपण हाताने मिसळतो, बहुतेकांत पन्नासास एक, म्हणजे लिटरमागे २० मिलि. ऑइल इंजेक्शनच्या मशीनला ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप स्वतःच मापाने ऑइल सोडतो. त्यात नुसतं पेट्रोल भरायचं. आम्हाला मिळालेल्या मॅन्युअलमध्येही ठळक अक्षरांत तेच होतं. ऑइल कमी झालं तर बझर वाजेल आणि मशीनचा वेग आपोआप उतरेल, असंही होतं.

त्या मशीनचा पंप मेलेला होता. विक्रेत्याला ते ठाऊक होतं, कारण चालवून दाखवताना त्याने स्वतःचा कॅन लावला आणि त्यात आधीच ऑइल मिसळलं. दिरांनी फोनवर घेतलेल्या व्हिडिओत त्याचा माणूस छोट्या बाटलीतून कॅनमध्ये काहीतरी ओतताना स्पष्ट दिसतो. तेव्हा विचारलं तर म्हणाला, "इंजिन साफ राहायचं औषध आहे." मशीन पहिल्या दोरीला सुरू झालं, आवाज गोल, पाणी जोरात फेकत होतं. जुनं मशीन बघायला गेलेला माणूस जे जे बघतो ते सगळं चोख होतं.

घरी आणल्यावर आम्ही मॅन्युअलप्रमाणे ऑइलची टाकी काठोकाठ भरली, तीही टीसी-डब्ल्यू३ मार्काच्या मरीन ऑइलने, मोटरसायकलच्या टू-टी ऑइलने नाही. पेट्रोल नुसतं घातलं. पर्यटक घेण्याआधी दीर आणि नवरा दोघंच खाडीत निघाले. संगमाजवळ आवाज जड झाला, मशीनने दम सोडला आणि ते जाम झालं. बझर एकदाही वाजला नाही. ओहोटी लागलेली होती. संगमाच्या तोंडावर लाटा फुटतात हे देवबागात पोरासोरांनाही माहीत आहे. बंद होडी ओहोटीने तिकडे ओढली गेली तर ती आडवी व्हायला वेळ लागत नाही. नांगर धरला म्हणून दोघं वाचले. शेजारच्यांनी होडी दावं बांधून ओढत आणली. त्या फेरीत लाइफ जॅकेट घातलेली मुलं असती तर, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही. पावणेदोन लाखांपेक्षा राग त्याचा आहे.

मालवणच्या मिस्त्रींनी मशीन उघडलं. तिन्ही पिस्टन खरवडलेले. पंप फिरवणाऱ्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते झिजून सपाट, आणि त्यावर जुना काट, म्हणजे हे आज-कालचं नव्हे. बझरची तार आतून कापून टेप लावलेली. खालचं गिअर ऑइल दुधाळ, म्हणजे सील जाऊन खारं पाणी आत शिरलेलं. नवंकोरं दिसावं म्हणून झिंकच्या अ‍ॅनोडवरही रंग मारला होता. अ‍ॅनोड स्वतः झिजून बाकीच्या धातूला गंजापासून वाचवतो. त्याला रंग लावला की तो काहीच करत नाही आणि खारं पाणी थेट अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं.

मग त्यांनी मॅन्युअल मागितलं, चार पानं उलटली आणि म्हणाले, "वयनी, ह्यां पुस्तक ह्या इंजिनाचां न्हय."

त्या रात्री मी ते पुन्हा पानन् पान वाचलं. स्पायरल बांधलेली झेरॉक्स, फक्त मुखपृष्ठ रंगीत आणि त्यावर आमच्या मशीनचं नाव. आत पानांचे आकडे मध्येच उड्या मारत होते. स्पार्क प्लगचा नंबर एका पानावर एक, दुसऱ्यावर वेगळाच. एका पानावर अ‍ॅनोड मॅग्नेशियमचा लावा असं होतं. ते गोड्या पाण्यासाठी ठीक, खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम झपाट्याने विरघळतं. किल्ली फिरवल्यावर बझर कसा तपासायचा आणि पंप बंद पडला तर ऑइल हाताने कसं मिसळायचं, हीच पानं गायब होती. दोन-तीन वेगवेगळ्या इंजिनांची पुस्तकं फोडून, चोरी पकडून देतील ती पानं वगळून हे जोडलं आहे, असं माझं ठाम मत आहे. मागचं सर्व्हिस रेकॉर्डही तसंच: वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी, पण अक्षर एक आणि पेनची शाईही एकच.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "मॅन्युअल दिलं होतं ना? तुम्ही नीट चालवलं नाही." बिल काढून बघितलं. इंजिनाचा नंबर लिहितो, असं त्याने कबूल केलं होतं. घरी पोचवलेल्या बिलावर फक्त "जुने मरीन पार्ट" एवढंच.

मिस्त्रींनी दाखवलं ते सांगते. इंजिनाचा खरा नंबर ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला, अडकवायच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. पट्टीचे रिव्हेट नवे आहेत का, खाली जुन्या पट्टीच्या खुणा आहेत का, बघा. काही कंपन्या नंबर ब्लॉकवरही, गोल धातूच्या बुचावर ठोकतात. दोन्ही जुळले पाहिजेत. वरच्या कव्हरवरच्या स्टिकरला काडीचीही किंमत नाही, कव्हर कुणालाही बदलता येतं. तो नंबर आणि मॉडेल घेऊन अधिकृत डीलरकडून किंवा कंपनीच्या वेबसाइटवरून मॅन्युअल स्वतः मिळवा, विकणाऱ्याचं घेऊ नका. चालवून बघताना पेट्रोल तुमच्या कॅनमधलं हवं. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. गिअर केसचा खालचा स्क्रू सैल करून ऑइलचा रंग बघा. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजा, दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर मशीन सोडा.

खरं मॅन्युअल मिळालं तरी त्यातली एक ओळ आता जपून वाचावी लागते. जुन्या पुस्तकांत साधारण दहा टक्के इथेनॉलपर्यंतचं पेट्रोल चालेल असं असतं, आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. पावसाळ्यात होडी वर घेतली की टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नका, मशीनमधून गोडं पाणी फिरवूनच ते बंद करा.

तक्रारीबद्दल. विक्रेत्याच्या वकिलाचं म्हणणं असं की इंजिन धंद्यासाठी, म्हणजे व्यापारी हेतूने घेतलं, मग कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे: स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्या व्यापारी हेतूत धरली जात नाही. दीर स्वतः होडी चालवतात, आमचा दावा त्यावरच उभा आहे. जाहिरातीचा मेसेजही आम्ही जोडला आहे, कारण १९३० च्या वस्तू विक्री कायद्यानुसार वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ऑनलाइन करता येतो. आधी १९१५ या हेल्पलाइनवर विचारलं तरी चालतं.

मशीन मिस्त्रींकडे उघडलेल्या अवस्थेत तसंच ठेवलं आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर हंगाम बुडतोय म्हणून घाईने दुरुस्त करून टाकू नका. आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो, आणि पिस्टन बदलले की दाखवायला काही उरत नाही. उघडतानाचे फोटो तारखेसकट काढा, मिस्त्रींकडून लेखी घ्या आणि ती स्पायरलची वही अजिबात फेकू नका.