पीसीडीएनए ३.१ आणि फ्लॅग टॅग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी पीसीडीएनए ३.१ हे प्लास्मिड व्हेक्टर (पेशीत जनुक पोहोचवणारे डीएनएचे वर्तुळ) वापरून एचईके २९३टी या प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींमध्ये एक स्रावित, म्हणजे पेशीबाहेर सोडले जाणारे, प्रथिन तयार करत आहे. व्हेक्टरची ताकद पहिल्याच प्रयोगात जाणवली. त्यातला सीएमव्ही प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) या पेशींत जोमाने चालतो. शिवाय पेशींमधले लार्ज टी अँटिजेन हे विषाणूचे प्रथिन प्लास्मिडवरील एसव्ही४० ओरिजिनपासून (प्रती बनायला जिथून सुरुवात होते ती जागा) प्लास्मिडच्या प्रती वाढवते, त्यामुळे ट्रान्सफेक्शननंतर (प्लास्मिड पेशींत घातल्यावर) ४८ तासांत वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीला) पुरून उरेल इतके प्रथिन मिळते.

खरी अडचण आली ती टॅगच्या, म्हणजे प्रथिन ओळखता यावे म्हणून त्याला जोडलेल्या छोट्या खुणेच्या, जागेमुळे. फ्लॅग टॅग अवघ्या ८ अमिनो आम्लांचा असल्याने तो कुठेही चालेल, असे गृहीत धरून मी तो एन-टोकाला (प्रथिनाच्या सुरुवातीला), सिग्नल पेप्टाइड या प्रथिनाला पेशीबाहेर धाडणाऱ्या तुकड्याच्याही आधी जोडला. त्यानंतर सहा आठवडे फ्लॅगच्या अँटिबॉडीने केलेला, पेशी वाढतात त्या माध्यमाचा प्रत्येक ब्लॉट कोरा येत राहिला आणि मी ट्रान्सफेक्शनची कृती पुन्हा पुन्हा बदलत राहिले. अखेर प्रथिनाचीच अँटिबॉडी वापरली, तेव्हा माध्यमात प्रथिन भरपूर असल्याचे दिसले. सिग्नल पेप्टाइड कापले जाताना त्याच्यासोबत टॅगही गेला होता. टॅग सी-टोकाला (प्रथिनाच्या शेवटी) नेल्यावर ब्लॉट स्वच्छ आला. मात्र तसे करताना जनुकाचा स्वतःचा स्टॉप कोडॉन (प्रथिन थांबवणारी खूण) प्रायमरमधून (जनुकाची प्रत काढायला वापरलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यातून) वगळावा लागतो, नाहीतर प्रथिन टॅगच्या अलीकडेच संपते.

जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) जोडलेले दुसरे एक प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाजवळ गुठळ्यांच्या रूपात दिसले, आणि तीच त्याची नैसर्गिक जागा असावी असे मला वाटू लागले होते. सहा खणांच्या प्लेटमध्ये दर खणास २ मायक्रोग्रॅमऐवजी २०० नॅनोग्रॅम प्लास्मिड घेऊन उरलेला डीएनए रिकाम्या व्हेक्टरने भरला, तेव्हा गुठळ्या नाहीशा होऊन प्रथिन पेशीद्रवात समान पसरलेले आढळले. प्लास्मिडची मात्रा कमी करत जाण्याचा हा प्रयोग मी आता सर्वांत आधी करते, कारण इतक्या जोमदार प्रमोटरमुळे पेशीला न पेलणारे प्रथिनही तयार होते.

तात्पुरत्या ट्रान्सफेक्शनसाठी हे व्हेक्टर मी निःशंकपणे सुचवेन. स्थायी पेशीरेषांबाबत (जनुक कायमचे सामावलेल्या पेशींबाबत) माझे मत वेगळे आहे: जी४१८ या प्रतिजैविकावर निवडलेल्या माझ्या क्लोनमध्ये (एकाच पेशीपासून वाढवलेल्या पेशींमध्ये) काही महिन्यांतच प्रथिनाचे प्रमाण घसरले. सीएमव्ही प्रमोटर मिथायलेशनमुळे (डीएनएवर मिथाइल गट जोडले गेल्याने) निष्क्रिय होऊ शकतो, म्हणून त्या कामासाठी मी ईएफ१ अल्फा प्रमोटर असलेले व्हेक्टर घेतले आहे.