स्टीलचा फिल्टर आणि हातानं फिरवायचा ग्राइंडर: आठ महिन्यांनंतर

आमच्या घरी कॉफी म्हणजे इन्स्टंट पावडर, भरपूर दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. ती चव मला आजही आवडते. पण गेल्या वर्षी बंगळुरूला मावसबहिणीकडे चार दिवस राहिले आणि तिथली फिल्टर कॉफी डोक्यातून जाईना. पुण्याला परतल्यावर आधी स्टीलचा दोन मजली फिल्टर घेतला, दोन महिन्यांनी ग्राइंडर.

खरा फरक पडला तो ग्राइंडरमुळे. दुकानातून दळून आणलेली पावडर आठ-दहा दिवस छान लागायची, नंतर डबा उघडला की नुसता करपट वास. आता पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तरच बिया घेते, एका वेळी पाव किलो, आणि सकाळी लागतील तेवढ्याच दळते. ताज्या दळणावर पाणी ओतलं की बियांतला वायू सुटतो, पावडर फुगते आणि ती दाबून ठेवणारा वरचा दट्ट्या चक्क हलतो. शिळ्या पावडरीत असं काही होत नाही.

दळण जमायला मात्र तीन आठवडे गेले. जास्त बारीक झालं की डिकॉक्शन, म्हणजे खालच्या भांड्यात उतरणारा कॉफीचा अर्क, थेंब थेंब पडतं, कधी अडकूनच बसतं; जाड राहिलं की पाच मिनिटांत खाली उतरतं आणि पाणचट लागतं. माझं गणित बसलं ते बारीक रव्याहून किंचित बारीक दळणावर. वीस ग्रॅम पावडर, उकळी थांबल्यावर मिनिटभरानं १२० मिली पाणी. त्यातलं चाळीसेक मिली पावडरच धरून ठेवते, खाली ऐंशीच्या आसपास मिळतं. वीस मिनिटं लागतात. तोवर डबे भरून होतात.

बियांचं म्हणाल तर चिकमगळूरची पीबेरी, मध्यमहून थोडी गडद भाजलेली, हीच माझी. फळात एरवी दोन बिया समोरासमोर वाढतात. एकच वाढली की ती गोल होते, ती पीबेरी. दुधात तिचा चॉकलेटसारखा कडसर गोडवा टिकून राहतो. आंध्रातल्या अराकूची हलकी भाजलेली कॉफीही आणली होती. कागदी फिल्टरमधून, बिनदुधाची, ती फार सुंदर लागली, लिंबूवर्गीय आंबटपणा होता. दूध घातलं आणि सगळं बिघडलं. मॉन्सून्ड मलबार पावसाळ्यात घेतली. या बिया किनाऱ्यावरच्या दमट वाऱ्यात फुगू देतात, त्यामुळे आंबटपणा जवळजवळ जातो. चव जड, मातकट. महिनाभर बरी वाटली, रोज नको.

आईला चिकोरी हवी. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नसतं; रंग आणि दाटपणा मात्र देते. तिच्यासाठी ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. मला चिकोरीपेक्षा थोडी रोबस्टा (कॉफीचीच एक कडक जात) मिसळलेली जास्त आवडते, फेस चांगला येतो.

एप्रिल-मेमध्ये सोसायटीला टँकर लागले आणि कॉफी एकदम सपाट झाली. मी बियांना दोष देत होते. एक दिवस पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरलं आणि चव परत आली, म्हणजे दोष जड पाण्याचा. तेव्हापासून कॉफीला तेच पाणी.

तक्रारी दोनच. ग्राइंडरची दांडी पाचव्या महिन्यात ढिली झाली. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही, शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं वॉशर घालून दिला. आणि फिल्टरची भोकं बुजतात. साबणानं निघत नाही, म्हणून महिन्यातून एकदा वरचं भांडं चिमट्यात धरून गॅसवर तापवते, कण जळून जातात, मग गार झाल्यावर घासते.

मागच्या रविवारी पीबेरीच्या डिकॉक्शनवर उकळतं दूध ओतलं आणि आईनं वर जायफळ किसलं. अर्धा पेला संपल्यावर म्हणाली, "उद्यापासून माझी पण हीच कर, चिकोरी राहू दे."