पुठ्ठा अस्सल, फोटो नकली

जुन्या बाजारातल्या अनामिक फोटोंमध्ये एक फसवणूक हमखास चालते, कारण तिचा अर्धा भाग खरा असतो. १८६०च्या दशकात लोकप्रिय झालेल्या 'कार्त द व्हिजिट' या पुठ्ठ्यावर डकवलेल्या, भेटकार्डाएवढ्या फोटोंचे पुठ्ठे साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरचे असतात. फोटो फिका पडून गेलेले असे पुठ्ठे मातीमोलानं मिळतात. फसवणारा वरचा कागद भिजवून काढतो आणि तिथे संगणकावरून छापलेलं आकर्षक चित्र डकवतो. गिऱ्हाईक पुठ्ठा उलटून पाहतं, मागे स्टुडिओचं छापील नाव आणि वेलबुट्टी अस्सल दिसते, तिथेच त्याचा संशय मिटतो.

म्हणून तपासायची ती पुढची बाजू, १० पट भिंगातून. त्या काळचा अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला फोटोचा कागद, फार पातळ असतो. त्याचे तंतू चित्रातून दिसतात आणि छटा सलग उतरत जातात. इंकजेट छपाईत मात्र तपकिरी रंग निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांत फुटतो. नंतर फोटो तिरप्या उजेडात धरा. घडी किंवा ओरखडा दिसतोय, पण पृष्ठभाग तिथे सपाटच असेल, तर ती घडी मूळ फोटोवरची. स्कॅनबरोबर छापून आलेली.

अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा १९५०नंतरचा. न चमकणं हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे. तसा कागद आजही मिळतो. टिनटाइपला, म्हणजे पत्र्यावरच घेतलेल्या जुन्या फोटोला, चुंबक चिकटतं, कारण तो पत्रा लोखंडी असतो. पण आजच्या पत्र्यालाही ते चिकटतंच, त्यामुळे या चाचणीवर विसंबून पैसे मोजू नका.

दुसरी फसवणूक गोष्ट रचून होते, आणि ती आम्हाला जास्त संतापजनक वाटते. उभ्या माणसाच्या पायामागे स्टँडची बैठक दिसली की 'हा मृताचा फोटो' म्हणून किंमत चढवतात. तो स्टँड जिवंत माणसाचं डोकं फोटो टिपला जाईपर्यंत स्थिर ठेवण्यासाठी असे. प्रेताचं वजन त्याला पेलवणारच नाही. ओळख नसलेल्या चेहऱ्याला एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचं नाव चिकटवणं हाही त्यातलाच प्रकार. नुसतं साम्य पुरेसं नाही, फोटो कुणाकडून कुणाकडे आला याचा कागद मागा.

फोटो फ्रेममधून काढून दाखवायला नकार मिळाला तर सौदा सोडा. घेतलाच, तर बिलावर फोटोचा प्रकार, अंदाजे काळ आणि 'मूळ प्रिंट, नंतरची प्रत नाही' हे शब्द लिहून घ्या. 'जुना फोटो' एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी फारसं कामाला येत नाही.