रात्रीचं अंडं, सकाळचा पाव: उकडून, आप्प्यांत की रसात?

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा दारात वाजतो आणि वेर्ण्याची बस पकडायची असते. गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या घरात या दोहोंच्या मध्ये कांदा चिरण्याइतकीही सवड नसते. पाव ताजा येतो, तेव्हा अंड्याचं काय ते आदल्या रात्रीच उरकायचं. ते कसं, यावर घरात तीन पक्ष आहेत.

उकडलेली अंडी म्हणजे आळशाचा पक्ष. सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात, एकात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. अगदी ताजं अंडं नीट सोलत नाही, म्हणून चार-पाच दिवस घरात असलेली घ्यावीत. जास्त वेळ उकळली तर बलकाभोवती हिरवट कडा धरते. दिसायला वाईट, खायला काही नाही. अख्खं उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नका, फुटतं. बाकी तक्रार एकच: तिसऱ्या दिवशी मीठ-मिरपूडही त्याला वाचवू शकत नाही.

अंड्याचे आप्पे डब्यासाठी बरे. फेटलेल्या अंड्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून आप्पेपात्रात दोन्ही बाजूंनी भाजायचे. भाज्या आधी परतून घ्या. मी एकदा टोमॅटो कच्चाच घातला, तर सकाळी डब्याच्या तळाला पाणी आणि वर भिजलेला स्पंज. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात, बसमध्ये एका हाताने खाता येतात. मुलांचा डबा असेल तर पुढचं वाचूच नका, हेच करा.

माझं मत मात्र रसाला, म्हणजे खोबऱ्याच्या रश्शाला. संध्याकाळी गाड्यावर रोस-ऑमलेट, म्हणजे असाच रस ओतलेलं ऑमलेट, खाल्लेल्याला वेगळं सांगायला नको. खोबरं, धने, मिरी, खसखस, सुक्या मिरच्या भाजून शागोतीचं (गोव्यातल्या मसालेदार रश्शाचं) वाटण करायचं, त्याचा रस उकळायचा आणि उकडलेली अंडी अर्धी कापून त्यात सोडायची. रविवारचा तासभर जातो, हे खरं. पण बाकी दोन प्रकार दुसऱ्या दिवशी उतरतात आणि हा चढतो, मसाला अंड्यात मुरतो. सकाळी फक्त खळखळून गरम करायचा आणि पोळी फाडून बुडवायची. पोळी म्हणजे चपाती नव्हे, पोदेराचा कोंड्याचा पाव. तिच्या पोटात रस चांगला राहतो. नुसता रस महिनाभरासाठी फ्रीझरमध्ये टाकता येतो. अंडी नकोत, गोठून पांढरं रबरासारखं होतं.

जपायचं ते खोबऱ्याला. शिजल्यावर दोन तासांच्या आत भांडं फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे, मे महिन्यात तर तासाभरात. ‘जरा निवू दे’ म्हणून ओट्यावर राहिलेला रस सकाळी आंबट लागतो. मोठं पातेलं निवायला वेळ घेतं, म्हणून दोन पसरट डब्यांत वाटून ठेवते. पावसात रात्रभर वीज गेली की तोही भरवसा संपतो. गेल्या जूनमध्ये अख्खं पातेलं माडाच्या मुळात ओतलं. ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी पावसाळ्यापुरतं रोज रात्री दोन अंडी उकडावीत.

रविवारचा रस बुधवारपर्यंतच. गुरुवारी आमच्याकडे अंडं चालत नाही, पण तोवर उरतोय कुठे?